यांतीनची गळकी झडप

एल्डरव्हेन या डच खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे पाय यांतीन वीरिंगच्या मांडीवरून गेलेले आहेत. नखं कापायची, टाचांच्या भेगा घासायच्या, कुरूपं खरवडायची आणि हे करता करता गावातल्या सगळ्या भानगडी ऐकून पोटात ठेवायच्या, हे तिचं बावीस वर्षांचं काम. सायकलच्या मागे चामडी पेटी बांधून ती घरोघर जाते. मधुमेहाचं माणूस असलं की पावलावर, घोट्याच्या पुढे जिथे नाडी लागते तिथे, ती आधी दोन बोटं ठेवते, डोळे मिटून मोजते आणि म्हणते, "चालू आहे अजून." म्हातारे तेवढ्यावर खूश होतात. तिच्या बोटांवर गावाचा डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा होता, आणि तो चुकीचाही नव्हता.

ही बोटं फक्त दुसऱ्यांच्या पावलांवर राहिली असती तर सांगण्यासारखं काही घडलं नसतं. पण गेल्या मार्चपासून ती तिच्या स्वतःच्या मानेवर जायला लागली होती.

मार्चमध्ये तिला त्रेपन्नावं लागलं. तिचा बाप त्रेपन्नाव्या वर्षी न्याहारीच्या टेबलावर पावाला लोणी लावता लावता गेला होता. ना दुखणं, ना खुपणं. सुरी हातात तशीच. यांतीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि समोरच बसली होती. पुढे लग्न झालं, मोडलं, मुलगी झाली, ती शिकून ग्रोनिंगेनला गेली. एवढ्या वर्षांत यांतीनला बापाच्या मरणाची धास्ती कधी वाटली नव्हती. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मात्र भांडी घासताना छातीत एक ठोका चुकला. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. ती तशीच उभी राहिली, आणि त्या दिवसापासून ऐकत राहिली.

ऐकायला बसलं की शरीर बोलतंच. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. घशात गोळा अडकायचा. श्वास घेतला तरी तळापर्यंत पोचायचा नाही, म्हणून ती आणखी मोठा घ्यायची, आणि मग ओठही बधिर व्हायचे. फोनवर वाचलं तर प्रत्येक गोष्टीला एक नाव होतं आणि प्रत्येक नावाच्या शेवटी मरण. मानेवरची बोटं कोणाला दिसू नयेत म्हणून ती मे महिन्यात स्कार्फ गुंडाळून हिंडायला लागली. गिऱ्हाइकाकडे काम करता करता मध्येच संडासात जायची आणि दार लावून पूर्ण मिनिट मोजायची. अर्ध्या मिनिटावर तिचा विश्वास नव्हता. एका नव्वदीच्या बाईने तिला प्रेमाने बाजूला घेऊन सांगितलं की या वयात लघवीचा त्रास बऱ्याच जणींना होतो, लाजू नये. यांतीनने मान डोलावली. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

सप्टेंबरपर्यंत ती डॉक्टरीणबाईंकडे बारा वेळा जाऊन आली. छातीला पट्ट्या लावून झाल्या, रक्त काढून झालं, चोवीस तास कमरेला यंत्र बांधून झालं. दर वेळी उत्तर एकच. हृदय ठणठणीत आहे, अधूनमधून एखादा ठोका आगाऊ पडतो, तो सगळ्यांचाच पडतो. बाकीच्यांना कळत नाही, तुला कळतो, कारण तू कान लावून बसतेस. त्यांनी तिला दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे पाठवलं. त्या शांत माणसाने सांगितलं की नाडी मोजावीशी वाटली की दहा मिनिटं थांबायचं. मोजू नका असं म्हणत नाही, फक्त दहा मिनिटं उशीर करा, आणि तेवढ्या वेळात काहीतरी हाताने करत राहा. जे वाटतंय ते वाटू द्या, त्याला हाकलू नका. यांतीन हो म्हणून आली आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या मानेवर बोटं ठेवली. दवाखान्यात थांबायची खोली भरून तिचीच गिऱ्हाइकं बसलेली असायची. ती त्यांना सांगायची, एका पेशंटच्या पायाचं विचारायला आले होते.

असं करता करता सप्टेंबरातला तो मंगळवार उजाडला.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. ती बटाटे सोलत होती. छातीत एक ठोका चुकला, मग लागोपाठ दोन, मग बराच वेळ काहीच नाही. निदान तिला तसं वाटलं. तिने एकशेबारा, तातडीच्या मदतीचा नंबर, लावला आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "माझं हृदय थांबतंय. थांबतं, परत सुरू होतं. आत्ता थांबलं."

आणि मग तिने जे केलं ते फक्त यांतीननेच करावं. तिने फोन बटाट्यांच्या पातेल्याशेजारी ठेवून दिला, कारण मोजायला दोन्ही हात लागतात, एक मानेवर आणि एक घड्याळ धरायला. फोनमधून ती बाई "ऐकताय का? बोला, बोला माझ्याशी" म्हणत होती ते यांतीनला स्वच्छ ऐकू येत होतं. पण ती तेव्हा एकेचाळीसवर होती, आणि बोललं असतं तर मोजणी चुकली असती. पलीकडच्या बाईने काय समजायचं? हृदय थांबलं म्हणाली आणि गप्प झाली. तिने समजायचं तेच समजलं.

आमच्या गावात ज्यांना छाती दाबून माणूस परत आणायला शिकवलंय अशी अठरा माणसं आहेत. शहरातून रुग्णवाहिका यायला पंधरा मिनिटं लागतात आणि थांबलेल्या हृदयाला सहाच मिनिटं असतात, म्हणून या अठरा जणांच्या फोनवर एकदम भोंगा वाजतो, घराचा नंबर येतो, आणि हातातलं टाकून धावायचं असतं. लामर्ट बेकरीवाल्याने भट्टीतले पाव भट्टीतच सोडले आणि भिंतीवरची हृदयाला विजेचा झटका द्यायची पेटी काढून पळत सुटला. शाळेत शिकवणारी मारित सव्वीस पोरं हेडमास्तरांच्या गळ्यात टाकून निघाली. यान्नेस ओस्टिंग, यांतीनचा अगदी लागून असलेला शेजारी, अडुसष्ट वर्षांचा, चर्चच्या आवारात गवत कापत होता. यंत्र चालू ठेवूनच त्याने सायकलवर टांग मारली.

यांतीनची मोजणी झाली. एकशेचार. ती जरा सावरत होती तोच दारावर बुक्के बसले. तिने ओल्या हाताने फडकं घेऊन दार उघडलं. दारात लामर्ट, कोपरापर्यंत पीठ, छातीशी पेटी. त्याच्यामागे आणखी चौघं, धापा टाकत.

"कोण पडलंय?" लामर्टने विचारलं.

"कोणी नाही," यांतीन म्हणाली. "मीच."

ते पाच जण तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या कुंपणापलीकडून सायकल आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग यान्नेसचा.

वळणावर तो पडला होता आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मारित त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली होती, पांढरीफटक. रुग्णवाहिका आली, त्यातल्या माणसांनी यांतीनला दहा मिनिटं तपासलं, ठीक आहे म्हणाले, आणि यान्नेसला उचलून घेऊन गेले. तिच्यासाठी आलेली गाडी तिच्या शेजाऱ्याला घेऊन वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा यांतीन दारातच होती, हातात फडकं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच मेले असते तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात आलं, आणि हे मनात आल्याचीही तिला लाज वाटली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं जे बारा वेळा सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी फळांची टोपली आली. गल्लीत कोणी आजारी पडलं की शेजारी मिळून टोपली देतात, वर अननस, त्याला रिबीन. ती घेऊन कोण यावं? यान्नेस स्वतः, हात झोळीत, टोपली त्याच्या बायकोने, ग्रीतने धरलेली, आणि मागे लामर्ट. ते बसले. कॉफी झाली. यान्नेसने बसल्या बसल्या जरा कळ आवरली ते यांतीनला दिसलं. मग त्याने विचारलं, "हं, शेजारीणबाई. काय निघालं मग?"

काही नाही, हे दोन शब्द तिच्या ओठांवर होते. पण समोर ती झोळी होती. या माणसाला आठ आठवडे शर्ट घालता येणार नव्हता, आणि तो उत्तराची वाट बघत होता, जरा पुढे झुकून, उत्सुकतेने म्हणावं तर उत्सुकतेने.

"झडप," यांतीन म्हणाली. "हृदयाची एक झडप जरा गळते."

ग्रीतने तिचा हात धरला. लामर्ट म्हणाला, मग बरं झालं वेळेत कळलं, आणि आपले पाव सत्कारणी लागले. यान्नेस मात्र खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "उगाच नाही मोडलं."

त्या क्षणी दुरुस्त करता आलं असतं. पुढच्या क्षणीही आलं असतं. तिने अननस उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

त्यानंतर गाव तिच्याशी फार चांगलं वागायला लागलं, आणि यासारखी शिक्षा नाही. गिऱ्हाइकं तिची पेटी वरच्या मजल्यावर स्वतः चढवायची. त्यात एक ऐंशी वर्षांची, गुडघे बदललेली बाई होती. यान्नेस आणि ग्रीतच्या लग्नाला नोव्हेंबरात पन्नास वर्षं होत होती. गावची रीत अशी की अशा वेळी त्या घराच्या दाराला पाइनच्या फांद्यांची कमान आणि कागदी गुलाब लावायचे ते शेजाऱ्यांनी, आणि पुढाकार घ्यायचा तो लागून असलेल्या शेजाऱ्याने, म्हणजे यांतीनने. तिला कोणी ते करू देईना. तू बस, आम्ही आहोत ना. बेकरीत यान्नेसने सगळ्यांना झडपेची गोष्ट सांगितली, बिलियर्डच्या टेबलापाशीही सांगितली. दर वेळी त्याचं हाड त्या गोष्टीत थोडं जास्त शौर्याने मोडायचं. यांतीनला त्याला वाकून नमस्कार करावासा वाटे, आणि त्याच्या समोर पडू नये असंही वाटे.

खरं सांगायला काय हरकत होती? लाज तर होतीच. पण लाजेच्याही खाली एक भीती होती, आणि ती यांतीनने स्वतःशीसुद्धा नीट बोलून दाखवली नव्हती. खरं कळलं की पुढच्या वेळी कोणी येणार नाही. अठरा फोन वाजतील, अठरा जण नंबर बघतील आणि म्हणतील, अरे, ती का, आणि हातातलं काम चालू ठेवतील. आणि तीच वेळ खरी असेल. बाप गेला त्या टेबलाशी ती एकटी पडलेली असेल. हे मनात आलं की छाती आवळायची, मुंग्या यायच्या, आणि मुंग्या आल्या की ती आणखी घाबरायची. बारा वेळा ठणठणीत ठरलेल्या बाईला आपल्याच खोट्यामुळे आता खरोखर आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. कधीकधी झडपेच्या बाजूला दुखायचंसुद्धा. झडप कुठल्या बाजूला असते हे तिला धड माहीत नव्हतं.

दर सहा आठवड्यांनी यान्नेसच्या पायांची पाळी असायची. त्यालाही साखर आहे. ऑक्टोबरच्या शेवटी ती त्याच्या स्वयंपाकघरात बसली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर त्याचं पाऊल. ग्रीत बाजारात गेली होती. यांतीनने दोन बोटं घोट्याच्या पुढे ठेवली आणि डोळे मिटले.

एक, दोन, तीन, आणि एक ठोका आलाच नाही. पुन्हा मोजलं. पुन्हा एक गेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. हा अडुसष्टचा, साखरेचा, आणि तो तिच्या पायी रस्त्यावर आपटलेला. लगेच सांगावं तर सांगणार कोण, झडपवाली यांतीन? आणि मग तिला दुसरी शंका आली, जी तिच्या धंद्यातल्या माणसालाच येते. जोरात दाबलं की समोरच्याची नाडी सोडून आपल्याच बोटातली लागते. चुकतोय तो ठोका कोणाचा, त्याचा की माझा? हे तपासायचा एकच मार्ग होता. एक हात तिने त्याच्या पावलावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं स्कार्फच्या आत मानेवर सरकवली.

त्याची नाडी संथ, एकसारखी चालली होती. अडखळत होती ती तिची.

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे उघडले तर यान्नेस तिच्या मानेकडे बघत होता.

"हे रोज करतेस?" त्याने विचारलं.

"दिवसातून तीस-चाळीस वेळा."

"झडपेसाठी?"

पाऊल अजून तिच्या मांडीवर होतं. त्या पावलाकडे बघूनच ती बोलली. "झडप नाहीये, यान्नेस. काहीच नाहीये. तेव्हाही नव्हतं. मी घाबरले होते, बस. मी फोन ठेवून नाडी मोजत बसले, आणि तुम्ही पडलात. तुम्ही विचारलंत तेव्हा मला काही नाही असं म्हणवेना."

त्याने पाऊल तिच्या मांडीवरून काढून घेतलं. डावं पाऊल झालंच नव्हतं. एका हाताने तो मोजा चढवायला लागला. मोजा टाचेपाशी अडकला, तिने हात पुढे केला, आणि त्याने तो न बोलता बाजूला सारला. यांतीनला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, दारात पाच जण उभे होते तेव्हाही नाही. मोजा वर जायला किती वेळ लागला कोण जाणे.

"मी गावभर सांगितलंय," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"आता मी सांगणार नाही कोणाला. पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. शनिवारी गुलाब करायला सगळे लामर्टच्या कोठारात जमतायत. मला आणि ग्रीतला तिथे बोलावत नाहीत, ते बरंच आहे." एवढं बोलून तो खिडकीतून बाहेर बघायला लागला, आणि यांतीनने पेटी आवरली.

शनिवारी संध्याकाळी कोठारात चौदा जण होते. लांब टेबलावर पांढरा आणि सोनेरी कागद, तार, कात्र्या. यांतीन गेली तेव्हा तिला शेगडीजवळची खुर्ची मिळाली, अर्थात. तिने तीन गुलाब केले. तिन्ही कोबीसारखे झाले. मग ती उभी राहिली आणि म्हणाली की मला काही सांगायचं आहे, आणि सांगितलं. सजवून नाही, रडून नाही. मार्चपासूनचं सगळं, स्कार्फ, संडास, डॉक्टरीणबाईंकडचे बारा फेरे, बटाट्यांशेजारी ठेवलेला फोन, झडप. यान्नेसला सांगून झालंय हेही.

आमच्याकडे लोक पटकन बोलत नाहीत. कात्र्या मात्र थांबल्या.

"म्हणजे माझे चाळीस पाव," लामर्ट म्हणाला आणि पुढे गेलाच नाही. गुडघे बदललेली बाई म्हणाली, "आणि मी तुझी पेटी जिन्यावरून वर नेत होते. तीन वेळा." कोणीतरी हसलं, पण हसू तिथल्या तिथे विरलं.

यांतीनला खाली बसता आलं असतं. पण आता इतकं झालंच होतं, म्हणून तिने विचारून टाकलं. "पुढच्या वेळी भोंगा वाजला आणि माझा नंबर आला, तर याल का?"

लामर्टने हातातला गुलाब उलटसुलट करून पाहिला. तो सरळ माणूस आहे, गोड बोलणं त्याला जमत नाही. "येऊ असं म्हणायला पाहिजे," तो म्हणाला. "पण पाय तेवढ्याच घाईने उचलला जाईल का, ते मला आत्ता सांगता येत नाही, यांतीन."

तिला हेच ऐकण्याची भीती होती, आणि ते तिने ऐकलं. ती मान हलवून खाली बसली. समोर बसलेली मारित एकदम उठली, तिच्या मांडीवरचे गुलाब जमिनीवर पडले, आणि कोट न घेताच ती बाहेर निघून गेली. सगळ्यांनी यांतीनकडे पाहिलं. बघ, त्या पोरीलाही रडवलंस, असं कोणी म्हटलं नाही, पण खोलीत सगळ्यांना तेच वाटत होतं आणि यांतीनलाही तेच वाटलं.

रविवारी सकाळी दहाला मारित तिच्या दारात आली. तीस वर्षांची आहे, पोरांसमोर दिवसभर खणखणीत बोलणारी. त्या दिवशी ती जेमतेम ऐकू येईल असं बोलली. यांतीनने तिला आत घेतलं आणि स्वतःच माफी मागायला सुरुवात केली, पण मारितने तिला थांबवलं.

"सगळ्यात आधी मी पोचले होते," मारित म्हणाली. "लामर्टच्या आधी. शाळा जवळ आहे ना. तुमच्या कुंपणापर्यंत आले आणि पुढे जाताच येईना. हातांना मुंग्या आल्या, छाती अशी धडधडत होती की कानात ऐकू येत होतं. आत तुम्ही पडलेल्या असाल आणि मला दाबायचं आहे, बरगड्या मोडतात म्हणे. मी कुंपणामागे लपले, यांतीन. दुसरं कोणीतरी येऊ दे म्हणून. लामर्ट समोरून धावत गेला, मी तिथेच. मग यान्नेस सायकलवरून येताना दिसले आणि मला वाटलं, आता दिसणार मी, म्हणून मी धावत आल्यासारखी एकदम रस्त्यावर आले. मला वाचवायला त्यांनी ब्रेक दाबला."

यांतीन ऐकत होती. एखादीला हायसं वाटलं असतं. तिला तसं वाटलं नाही. तिला या पोरीची लाज अगदी आतून ओळखता आली.

"गाव तुम्हाला दोष देत होतं आणि मी देऊ दिला," मारित म्हणाली. "तुम्ही दार उघडलंत, धडधाकट, तेव्हा मला इतका आनंद झाला. तुमच्यासाठी नाही. मला दाबावं लागणार नाही म्हणून."

"यान्नेसना माहीत आहे?"

"त्यांनी कधी काही म्हटलं नाही. तुम्ही सांगाल का त्यांना?"

"नाही," यांतीन म्हणाली. "सांगायचं तू. पण मी येते बरोबर."

दोन फाटकं ओलांडायची, एवढंच अंतर. चालता चालता यांतीनच्या छातीत दोन ठोके चुकले. बोटं मानेकडे निघाली आणि तिने ती मारितच्या दंडावर ठेवली, कारण मारित मागे राहायला लागली होती. यान्नेसने दार उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. दोन शेजारी न सांगता असे जोडीने दारात उभे राहिले की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," यांतीन म्हणाली. "आत येऊ का?"

मारितने उभ्या उभ्याच सांगितलं. यान्नेस खुर्चीत बसून ऐकत होता, झोळीतल्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने चोळत. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "दिसली होतीस मला. कुंपणामागे. आधीच दिसली होतीस." मग म्हणाला, "तुला काय वाटतं, मी एवढा जोरात का चालवत होतो? भोंगा वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. अकरा वर्षं झाली, दर वेळी. हळू चालवली तर मी मागे फिरेन. म्हणून जोरात. ग्रीतलाही माहीत नाही हे, तेव्हा जपून."

ग्रीत स्वयंपाकघरातच होती. ती म्हणाली की मला अकरा वर्षं माहीत आहे, आणि कॉफी ओतायला लागली.

यान्नेस यांतीनकडे वळला. तिच्यावरचा त्याचा राग गेलेला नव्हता. त्याच्या बोलण्यात तो होताच. "तू केलंस ते वाईट केलंस, शेजारीण. हाडाचं नाही म्हणत. झडपेचं. मी त्याचं केवढं कौतुक करून घेतलं, आता बिलियर्डला तोंड कसं दाखवू?"

"मी येऊन सांगते तिथे."

"नको. ते मी निस्तरेन." त्याने कॉफी पुढे ओढली. "लामर्ट काय म्हणाला ते कळलं मला. तो येईल. शिव्या देत येईल, पण येईल. मीही येईन. पण त्या नंबरावर फोन करायच्या आधी तू इथे यायचं. चालत. दोन फाटकं ओलांडून तुला माझ्या दारापर्यंत येता आलं, तर मरत नाहीयेस असं समजू. नाही येता आलं तर आहेतच अठरा जण."

"दिवसातून चाळीस वेळा येऊ?"

"चाळीस नको. दहा मिनिटं थांबून बघ, मग ये."

समुपदेशकाने दवाखान्यात हेच सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलं नव्हतं. यान्नेसला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं. यांतीन खाली बघून हो म्हणाली.

मंगळवारी ती पहिल्यांदा गेली. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, स्कार्फ नाही. फाटकाशी तिला इतकी लाज वाटली की ती परत फिरणार होती. ग्रीतने आतून दार उघडलं, का आलीस असं विचारलं नाही, आणि तिच्या हातात सोलायला बटाटे दिले. त्या आठवड्यात यांतीन चार वेळा गेली. चारही वेळा फाटकाशी तिला लाज वाटली, आणि चारही वेळा ती आत गेली.